वेल्श फुटबॉल लीग (१९०४–२०२०) आणि तिचे क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साउथ वेल्सच्या फुटबॉलवर मी लिहायला लागल्यापासून एकाच विषयावरचे प्रश्न सतत येतात. कुणाला जुन्या गुणतक्त्यात एखादं नाव सापडतं आणि तो क्लब पुढे कुठेच दिसत नाही. कुणी कार्डिफ किंवा स्वान्सीला शिकायला गेलेलं असतं आणि घराजवळच्या मैदानाचा इतिहास शोधत असतं. तेच उत्तर दहा जणांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण काही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

१. ही लीग नेमकी कुठली? पूर्ण वेल्सची होती का?

नाही. नाव ‘वेल्श’ असलं तरी ही दक्षिण वेल्सची लीग. १९०४ मध्ये ती ‘रिम्नी व्हॅली लीग’ म्हणून सुरू झाली, म्हणजे कोळशाच्या खाणींनी भरलेल्या एका दरीपुरती. १९०९ मध्ये तिचं नाव ‘ग्लॅमॉर्गन लीग’ झालं आणि १९१२ मध्ये ‘वेल्श फुटबॉल लीग’. आधी दरी, मग परगणा, मग देशाचं नाव. भूगोल मात्र शेवटपर्यंत दक्षिणेचाच राहिला: ऱ्होंदा, मर्थर, कार्डिफ, न्यूपोर्ट, नीथ, स्वान्सी आणि पश्चिमेला हॅवरफर्डवेस्टपर्यंत. उत्तरेच्या आणि मध्य वेल्सच्या क्लबांच्या लीगा वेगळ्या होत्या. त्यातली १९९० मध्ये सुरू झालेली ‘कम्री अलायन्स’ (‘कम्री’ हे वेल्सचं वेल्श नाव) ही या लीगची खरी जोडीदार. तीसुद्धा २०१९ मध्ये संपली.

२. वेल्श लीग, लीग ऑफ वेल्स, वेल्श प्रीमियर, कम्री प्रीमियर ही सगळी एकच आहेत का?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘लीग ऑफ वेल्स’ ही १९९२ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय लीग. २००२ मध्ये तिचं नाव ‘वेल्श प्रीमियर लीग’ झालं आणि २०१९ मध्ये ‘कम्री प्रीमियर’. ही तीन नावं एकाच स्पर्धेची. ‘वेल्श फुटबॉल लीग’, जिला स्थानिक लोक नुसतं ‘वेल्श लीग’ म्हणत, ती वेगळी, जुनी आणि प्रादेशिक. १९९२ नंतर ती राष्ट्रीय लीगच्या एक पायरी खाली आली.

जुन्या बातमीत ‘वेल्श लीगचे विजेते’ असं वाचलं तर आधी साल बघा, मग मैदान कुठल्या भागातलं आहे ते बघा. बहुतेक वेळा तेवढ्यावर उलगडा होतो.

३. ‘डिव्हिजन वन’ म्हणजे देशातली पहिली श्रेणीच ना?

नाही, आणि या एका नावामुळे बरेच तक्ते चुकीचे वाचले जातात. १९८०च्या दशकात आणि १९९२ पर्यंत या लीगच्या सर्वात वरच्या गटाचं नाव ‘नॅशनल डिव्हिजन’ होतं. तेव्हा वर राष्ट्रीय लीगच नसल्याने, इंग्लंडच्या लीगांत न खेळणाऱ्या दक्षिणेतल्या क्लबांसाठी तेच शिखर होतं. १९९२ ते २०१९ या काळात वरच्या गटाला ‘डिव्हिजन वन’ म्हणत, पण देशाच्या रचनेत तो दुसऱ्या पायरीवर होता. खाली डिव्हिजन टू आणि थ्री. शेवटच्या म्हणजे २०१९–२० च्या हंगामात नवी ‘कम्री साउथ’ वर आली आणि तेच ‘डिव्हिजन वन’ तिसऱ्या पायरीवर ढकललं गेलं.

त्यामुळे १९८८ चं विजेतेपद, १९९८ चं आणि २०२० चं एका मापाने मोजू नका.

४. कार्डिफ सिटी, स्वान्सी सिटी या लीगमध्ये होते का? काही तक्त्यांत त्यांची नावं दिसतात.

दिसतात, पण ते त्यांचे राखीव संघ. या क्लबांचे मुख्य संघ विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडच्या लीगांकडे गेले. कार्डिफ १९२० मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला आणि १९२७ मध्ये आर्सेनलला १–० हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या बाद फेरीच्या स्पर्धेचा चषक, वेल्सला घेऊन आला. पण राखीव खेळाडूंना दर आठवड्याला सामना हवा असतो, आणि तो या लीगमध्ये मिळायचा.

याचा दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दिवसभर खाणीत किंवा पोलाद कारखान्यात राबून आलेला खेळाडू शनिवारी कार्डिफच्या करारबद्ध खेळाडूसमोर उभा राहायचा, तोही आपल्याच गावाच्या मैदानावर. मुख्य संघांशी गाठ मात्र फक्त कपच्या सामन्यांत पडायची. १९८६ मध्ये एफए कपच्या पहिल्या फेरीत ऱ्होंदातल्या टॉन पेन्ट्रेसमोर कार्डिफ सिटी आला आणि ४–१ ने जिंकला. हरलेल्या बाजूचा तो एक गोल दरीतले लोक अजून विसरलेले नाहीत.

रेक्सहॅम उत्तरेचा. त्याचा या लीगशी संबंध नाही.

५. १९९२ मध्ये असं काय झालं की लीगचं महत्त्व एकदम घसरलं?

फुटबॉल असोसिएशन ऑफ वेल्सने राष्ट्रीय लीग काढली. तोवर वेल्सला स्वतःचा राष्ट्रीय संघ होता, स्वतःची असोसिएशन होती, पण देशभराची लीग नव्हती. ब्रिटनच्या चार देशांना फिफात वेगवेगळं स्थान का, हा प्रश्न बाहेरून विचारला जात होता, आणि लीगच नसलेल्या देशाची बाजू त्यात लंगडी पडत होती. असोसिएशनचे तेव्हाचे सचिव ॲलन इव्हान्स यांनी ही लीग उभी केली.

वेल्श फुटबॉल लीगचे वजनदार क्लब एका झटक्यात वर गेले: कुम्ब्रान टाउन, ॲबरगेव्हनी थर्सडेज, हॅवरफर्डवेस्ट काउंटी, लानेली, मेस्टेग पार्क, एब्बू वेल, आफान लिडो, ब्रिटन फेरी ॲथलेटिक, इंटर कार्डिफ. ही लीग कच्ची नव्हती याचा पुरावा पहिल्याच हंगामात मिळाला. १९९२–९३ चं राष्ट्रीय विजेतेपद कुम्ब्रानने पटकावलं. पुढच्या उन्हाळ्यात युरोपातल्या सामन्यात त्यांनी आयर्लंडच्या कॉर्क सिटीला घरी ३–२ हरवलं, तिकडे २–१ हरले. एकूण गोल बरोबरीत, पण तेव्हा अशा वेळी बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा, त्या हिशोबात ते बाद झाले.

इंग्लंडच्या लीगांत खेळणाऱ्या आठ क्लबांनी मात्र परत यायला नकार दिला: बँगर सिटी, बॅरी टाउन, कार्नार्व्हन टाउन, कोल्विन बे, मर्थर टिडफिल, न्यूपोर्ट एएफसी, न्यूटाउन आणि ऱ्हिल. बँगर आणि न्यूटाउन लवकर वळले. ऱ्हिलने उशिरा होकार दिला, म्हणून त्यांना दुसऱ्या पायरीवर बसावं लागलं. काहींना तर आपल्याच देशात घरचे सामने खेळायची बंदी झाली. न्यूपोर्टने ग्लॉस्टरमध्ये मैदान घेतलं, बॅरीने वूस्टरमध्ये. ‘घरचा’ सामना बघायला चाहते बस करून दुसऱ्या देशात जायचे. पुढे न्यूपोर्ट, कार्नार्व्हन आणि कोल्विन बे हायकोर्टात गेले, आणि तिथून त्यांना स्वतःच्या मैदानावर परतायची वाट मिळाली.

६. दुसऱ्या पायरीवरच्या क्लबने कार्डिफ सिटीला फायनलमध्ये हरवलं, हे खरं आहे का?

खरं आहे. बॅरी टाउन वूस्टरचा एक हंगाम काढून १९९३ मध्ये परतला आणि त्याला वेल्श फुटबॉल लीगमध्ये जागा मिळाली. १९९३–९४ मध्ये त्यांनी ही लीग जिंकली, आणि त्याच हंगामात वेल्श कपच्या फायनलमध्ये कार्डिफच्या नॅशनल स्टेडियमवर कार्डिफ सिटीला २–१ हरवलं. म्हणजे कार्डिफच्याच शहरात, कार्डिफचा मुख्य संघ समोर असताना.

त्या विजयामुळे ते युरोपियन कप विनर्स कपमध्ये पोचले. लिथुएनियाच्या झालगिरिस विल्नियसकडून ०–१ आणि ०–६ असे हरले. पण सात वर्षांनी, २००१ मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत पोर्तोकडून ८–० मार खाल्ल्यावर याच बॅरीने घरच्या मैदानावर पोर्तोला ३–१ हरवलं.

७. मग बॅरी २०१३ मध्ये सर्वात खालच्या डिव्हिजनमध्ये कसा दिसतो?

या लीगमधली माझ्या मते सर्वात मोठी गोष्ट हीच. शतकाच्या सुरुवातीला बॅरीचा पैसा संपला आणि २००४ मध्ये ते राष्ट्रीय लीगमधून खाली आले. पुढची काही वर्षं चाहत्यांनीच संघ चालवला: निधी गोळा केला, कपडे धुतले, मैदान सांभाळलं. मे २०१३ मध्ये हंगामाचे शेवटचे सामने बाकी असताना मालकाने क्लबचं नाव लीगमधून काढून घेतलं. त्यानंतर असोसिएशनच्या कौन्सिलने ठरवलं की चाहत्यांच्या संघाला लीगच्या रचनेत जागा नाही, हौशी पातळीवर खेळा.

चाहते हायकोर्टात गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये कार्डिफमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ‘बॅरी टाउन युनायटेड’ला वेल्श फुटबॉल लीगच्या डिव्हिजन थ्रीमध्ये प्रवेश मिळाला. हंगाम तोंडावर आलेला. प्रशिक्षक गॅव्हिन चेस्टरफील्ड संघासोबत राहिले. २०१३–१४ मध्ये डिव्हिजन थ्री जिंकली, २०१४–१५ मध्ये डिव्हिजन टू, २०१६–१७ मध्ये डिव्हिजन वन. २०१७ मध्ये क्लब राष्ट्रीय लीगमध्ये परतला आणि २०१९ मध्ये पुन्हा युरोपात खेळला, उत्तर आयर्लंडच्या क्लिफ्टनव्हिलविरुद्ध.

ही खालची पायरी नसती तर कोर्टाचा निकाल हातात घेऊन तो संघ उभा कुठे राहिला असता? बंद पडलेल्या या लीगबद्दल मला इतकी आस्था का, त्याचं उत्तर याच प्रश्नात आहे.

८. लानेली आणि नीथचं काय झालं? तेही बुडाले होते ना?

दोन्ही बुडाले, पण पुढचं नशीब वेगळं. लानेली २००८ मध्ये राष्ट्रीय विजेता होता आणि २०११ मध्ये वेल्श कप जिंकला होता. २०१३ मध्ये कर्जापायी कंपनी गुंडाळली गेली. त्याच वर्षी ‘लानेली टाउन’ नावाने नवा क्लब वेल्श फुटबॉल लीगच्या तळाशी आला. म्हणजे २०१३–१४ च्या डिव्हिजन थ्रीमध्ये दोन माजी राष्ट्रीय विजेते, बॅरी आणि लानेली, गावच्या संघांसोबत खेळत होते. लानेलीने २०१७–१८ मध्ये डिव्हिजन वन जिंकून वरची जागा परत मिळवली, जरी ती एकाच हंगामापुरती टिकली.

नीथ २००५ मध्ये नीथ आणि स्क्यूअन ॲथलेटिक यांच्या एकत्र येण्यातून बनला. २००७ मध्ये तो इथून वर गेला, २०११ मध्ये युरोपात खेळला आणि २०१२ मध्ये कोर्टाच्या आदेशाने बंद झाला. बॅरी किंवा लानेलीसारखा तो त्याच ओळखीने परत उभा राहिला नाही.

९. एकाच गावाचे दोन-तीन क्लब तक्त्यात येतात आणि गायब होतात. कोण कोणात मिसळला?

ठळक उदाहरणं सांगतो. ब्रिजेंड टाउन आणि ब्रिनटिरियन ॲथलेटिक २०१३ मध्ये एकत्र आले आणि ‘पेनिबॉन्ट’ झाले. ब्रिजेंड गावाचं वेल्श नाव पेन-ए-बॉन्ट, तेच क्लबने घेतलं. दुसऱ्या पायरीवरची लीग म्हणून तिच्या शेवटच्या हंगामात, २०१८–१९ मध्ये, डिव्हिजन वन यांनीच जिंकली.

ब्रिटन फेरी ॲथलेटिक आणि लानसावेल २००९ मध्ये ‘ब्रिटन फेरी लानसावेल’ झाले. यात एक गंमत आहे: ब्रिटन फेरी गावाचं वेल्श नावच लानसावेल. म्हणजे क्लबच्या नावात एकच गाव दोन भाषांत दोनदा येतं. दोन्ही क्लबांना आपापलं नाव टिकवायचं होतं, आणि ते टिकलं.

इंटर कार्डिफ २००० मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या संघात मिसळला. तोच पुढे ‘कार्डिफ मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी’. २०१६ मध्ये तो या लीगमधून वर गेला आणि २०१९ मध्ये विद्यार्थ्यांचा हा संघ युरोपा लीगच्या प्राथमिक फेरीत लक्झेम्बर्गच्या प्रोग्रेस निडरकॉर्नशी खेळला. एकूण गोल बरोबरीत होते, बाहेरच्या मैदानावरच्या गोलांनी त्यांना बाद केलं.

१०. ‘थर्सडेज’, ‘लिडो’, ‘बीजीसी’ ही कसली नावं?

ॲबरगेव्हनी हे बाजाराचं गाव. तिथली दुकानं गुरुवारी दुपारी बंद व्हायची, म्हणून दुकानांत काम करणाऱ्यांचा खेळायचा दिवस गुरुवार. तेच क्लबचं नाव झालं. या लीगच्या नॅशनल डिव्हिजनची शेवटची दोन विजेतेपदं, १९९०–९१ आणि १९९१–९२, त्यांचीच. २०१३ मध्ये हा क्लब बंद पडला.

आफान लिडो हे नाव पोर्ट टॅलबटच्या किनाऱ्यावरच्या क्रीडासंकुलाचं. ‘बीजीसी’ म्हणजे मुलामुलींचा क्लब: मुलांनी रस्त्यावर भटकू नये म्हणून वस्तीने चालवलेली संस्था. केंब्रियन अँड क्लाइडाक वेल बीजीसी ज्या दरीतला, तिथे केंब्रियन कोळसा खाण होती. १७ मे १९६५ रोजी त्या खाणीतल्या स्फोटात ३१ कामगार गेले. तक्त्यात हे लांबलचक नाव दिसलं की ओलांडून जाऊ नका.

११. ही नावं उच्चारायची कशी?

मराठी माणसाला वेल्श अक्षरं इंग्रजापेक्षा सोपी जातात, असा माझा अनुभव आहे. वेल्शमध्ये डब्ल्यू हा बहुतेक वेळा स्वर, ‘उ’ किंवा ‘ऊ’, म्हणून कुम्ब्रानचा पहिला भाग ‘कुम’. कुम म्हणजे दरी. एक एफ म्हणजे ‘व’, दोन एफ म्हणजे ‘फ’, म्हणून आफान हे वेल्श तोंडी ‘आवान’. दोन डी म्हणजे जीभ दातांना हलकेच टेकवून काढलेला मऊ ‘द’. त्यामुळे ऱ्होंदा, ‘ऱ्होंडा’ नाही. दोन एलसाठी जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि आवाज न काढता बाजूने हवा सोडायची. देवनागरीत याला अक्षर नाही, म्हणून आपण ‘लानेली’ लिहितो. ‘ॲबर’ म्हणजे नदीचं मुख. देशाचं नाव ‘कम्री’.

१२. लीग जिंकूनही क्लब वर का गेला नाही?

कारण वर जायला विजेतेपदासोबत परवाना लागायचा. बसायच्या जागा, दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, हिशोब, प्रशिक्षकांची पात्रता हे सगळं तपासलं जायचं. गॉइट्रे युनायटेडने डिव्हिजन वन एकापेक्षा जास्त वेळा जिंकली, तरी तो वर गेला नाही. २०१४–१५ मध्ये कायरा ईली विजेते होते, वर गेला हॅवरफर्डवेस्ट.

उलटही घडायचं. २०१६ मध्ये पोर्ट टॅलबट टाउनला राष्ट्रीय लीगचा परवाना नाकारला गेला आणि मैदानावरच्या क्रमांकामुळे नव्हे, तर कागदावरच्या निर्णयाने तो या लीगमध्ये आला.

आणि काही क्लब खर्च पाहून स्वतःच खाली आले. टॉन पेन्ट्रे १९९३ मध्ये वर गेला, १९९५ मध्ये इंटरटोटो कपमध्ये युरोपात खेळला आणि पैशांचा मेळ बसेना म्हणून १९९७ मध्ये राष्ट्रीय लीग सोडून परतला. छोट्या दरीतल्या क्लबला विमानाची तिकिटं परवडत नाहीत, यात कमीपणा काहीच नाही.

१३. लीग बंद का झाली? कोरोनामुळे?

कोरोनामुळे नाही. निर्णय आधीच झाला होता. असोसिएशनने देशाची पूर्ण रचना बदलायला घेतली. २०१९ मध्ये दुसरी पायरी थेट आपल्या हाती घेऊन ‘कम्री नॉर्थ’ आणि ‘कम्री साउथ’ सुरू केल्या. तिसऱ्या पायरीवर चार ‘आर्डल’ लीगा येणार होत्या, ईशान्य, वायव्य, आग्नेय आणि नैर्ऋत्य. आर्डल म्हणजे वेल्शमध्ये प्रदेश. चौथी पायरी स्थानिक संघटनांकडे. या आखणीत वेल्श फुटबॉल लीगला जागाच उरली नाही.

कोरोनाने फक्त शेवट तुटक केला. मार्च २०२० मध्ये सामने थांबले ते पुन्हा सुरू झाले नाहीत, आणि क्रमांक सामन्यामागे सरासरी गुण काढून ठरले. शंभरपेक्षा जास्त वर्षं चाललेल्या लीगला शेवटचा शनिवार मिळाला नाही. नव्या आर्डल लीगाही एक हंगाम थांबून २०२१–२२ मध्ये सुरू झाल्या.

१४. लीग गेली, मग क्लब कुठे गेले?

वरचे कम्री साउथमध्ये, मधले आग्नेय आणि नैर्ऋत्य आर्डलमध्ये, बाकीचे स्थानिक लीगांमध्ये. तुमचा क्लब शोधायचा तर २०१८–१९ च्या हंगामाअखेरचा तक्ता घ्या आणि तिथून एकेक हंगाम पुढे चला. २०२०–२१ रिकामा दिसेल, घाबरू नका, प्रश्न १३ पहा. नाव एकदम बदललं असेल तर प्रश्न ९ पहा.

१५. जुनी विजेतेपदं आता कुणाच्या नावावर मोजायची? आर्डल विजेत्यांना त्या यादीत जोडायचं का?

जोडू नका. आर्डल ही वेगळी स्पर्धा, तिची यादी शून्यापासून. क्लबांच्या बाबतीत मी असं करतो: बॅरी तुटला नाही म्हणून १९९४ आणि २०१७ एकाच ओळीत. लानेलीची जुनी कंपनी संपली म्हणून जुना क्लब आणि ‘टाउन’ दोन ओळींत, पण शेजारी-शेजारी. एकत्र आलेल्या क्लबांत दोन्ही पूर्वजांची विजेतेपदं त्यांच्याच नावावर ठेवायची. पेनिबॉन्टला ब्रिनटिरियनचं विजेतेपद देऊन टाकलं, तर ब्रिनटिरियनसाठी खेळलेल्यांचं नाव पुसलं जातं.

१६. वेल्समध्ये आहे, एखादा सामना बघायचा आहे. सुरुवात कुठून करू?

बॅरीच्या जेनर पार्कपासून. कार्डिफहून लोकल ट्रेन आहे. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून थोडे लांब बसतात आणि ब्रिस्टल चॅनलवरून येणारा वारा मधल्या जागेतून थेट अंगावर येतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी न विचारता थर्मासमधला चहा ओतून दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्याची गोष्ट सुरू केली. हाफ टाइम संपला, खेळ सुरू झाला, तरी ते कोर्टाच्या निकालापर्यंत पोचले नव्हते.

जाड जॅकेट घ्या, आणि शेजारी कुणी वयस्कर माणूस असेल तर तो आधी कुठल्या मैदानावर जायचा ते विचारा.